वटवाघूळ आणि गाजरगवत : गुन्हेगार कोण?



जिल्हा बैठकीच्या अंकात भाव, कर्ज आणि विजेचे बिल सोडून आम्ही वटवाघळावर लिहायला बसलो, याचे काहींना नवल वाटेल. पण कारण साधे आहे. गावोगाव एक मागणी कानावर येते : पांदणीच्या तोंडाशी जो जुना वड आहे, त्यावरची वटवाघळे हाकला, जमत नसेल तर वडच तोडा. घाण करतात, रात्री कालवा करतात, आजार आणतात. मागणी करणारे त्याच वडाखाली उभे राहून बोलतात. आणि त्यांच्या पायाशी कमरेएवढे गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरून उभे असते. त्याबद्दल कोणी शब्द काढत नाही.

आमचा सवाल एवढाच आहे. या दोघांपैकी आपला चोर कोणता?

शेतकऱ्याने शत्रू कोण आणि सोबती कोण हे रूपावरून ठरवू नये, नावावरून ठरवू नये आणि सरकारच्या यादीवरून तर मुळीच ठरवू नये. आपल्याजवळ त्यासाठी एकच वही आहे : जमा किती, खर्च किती. सावकाराच्या वहीने पिढ्यानपिढ्या आपल्याला नागवले. निदान आपली वही तरी आपण नीट लिहावी. चला तर, दोघांची खाती उघडू.

रूपाचा न्याय

वटवाघूळ दिसायला भेसूर. उलटे लटकते, अंधारात उडते, पंख पसरले तर मीटरभराहून अधिक भरतात. घरावरून गेले तरी म्हातारी माणसे अपशकुन म्हणतात. गाजरगवताचे तसे नाही. हिरवेगार, गाजराच्या पानासारखे कातरलेले पान, वर चांदण्या शिंपडल्यासारखी बारीक पांढरी फुले. आपल्याच माणसांनी त्याचे नाव चटकचांदणी ठेवले. शहरात तर हे गवत फुलांच्या गुच्छात भर घालायला वापरले गेले आणि गुच्छाबरोबर बी नव्या ठिकाणी पोचले. एकाला रूपामुळे दगड बसतात, दुसऱ्याला रूपामुळे माफी मिळते. बैल घेताना आपण नुसते शिंग पाहून पैसे मोजत नाही; मग इथेच हा न्याय का?

वाढीचा हिशेब

कोणतीही उधारी किती धोक्याची, हे व्याजाच्या दरावरून कळते. वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिलू देते. साधारण पाच महिने पोटात वाढवते, फेब्रुवारी ते मे या काळात विते आणि पुढचे काही आठवडे ते पिलू पोटाशी धरून उडते. एका वडावर शंभर माद्या असल्या तरी वर्षाला फार तर शंभर पिले, आणि त्यांतलीही सगळी जगत नाहीत. म्हणजे एका दिवसात मारलेला थवा भरून यायला वर्षे जातात.

गाजरगवताचे एक जोमदार झाड 15 ते 25 हजार बिया टाकते. बी इतके हलके की वाऱ्याने जाते, पाटाच्या पाण्याने जाते, ट्रॅक्टरच्या टायरला चिकटून जाते, वाळूच्या ट्रकमधून जाते, शेणखतातून आपल्याच हाताने आपल्याच वावरात जाते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल धरते. ओल मिळाली तर वर्षात तीन-चार पिढ्या काढते. जमिनीत दबलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. असले चक्रवाढ व्याज कोणत्या सावकाराने लावले होते?

खर्चाची बाजू

हे गवत मेक्सिकोच्या आखाताभोवतालचे. आपल्या देशात ते डोळ्यांत भरले ते पुण्यात, 1955 साली. गावात त्याला काँग्रेस गवत म्हणतात आणि पी.एल. 480 च्या गव्हातून आले असे सांगतात. तारखा पाहिल्या तर तो करार ऑगस्ट 1956 चा, म्हणजे गवत आधी आणि करार नंतर. पण परदेशी गहू त्याआधीही येतच होता. 1951 साली अमेरिकेने धान्यासाठी कर्ज दिले होते. करार कोणताही असो, लोकांनी जो संबंध जोडला त्यात अर्थ आहे. बाहेरच्या स्वस्त धान्याने इथल्या धान्याचा भाव पाडला, ही एक मार. परदेशी धान्यातून आलेल्या बियांचे निंदण आजही आपण करतो, ही दुसरी.

कोरडवाहू शेतकऱ्याला हे गवत तीन ठिकाणी कापते.

पहिले, पिकात. त्याच्या मुळा-पानांतून पार्थेनिन नावाचे द्रव्य उतरते आणि शेजारच्या रोपांची उगवण व वाढ दाबते. आपल्यासारखीच कोरडवाहू ज्वारी पिकवणाऱ्या इथिओपियात याची मोजणी झाली आहे. गवत तसेच राहू दिले तेव्हा ज्वारीचे धान्य, जागा आणि वर्ष पाहून, 40 पासून 97 टक्क्यांपर्यंत घटले. 97 टक्के घट म्हणजे हातात फक्त कडबा, आणि तोही गवताने कोंडलेला.

दुसरे, धुऱ्यावर. आपण म्हणतो, वावर स्वच्छ आहे, धुऱ्यावर थोडे असले तर काय बिघडले? 2005 नंतरच्या काही हंगामांत कपाशीवर पांढरा पिठ्या ढेकूण आला, तो आठवा. पऱ्हाटी उपटल्यावर तो जातो कुठे? ज्या तणांवर तो तग धरतो त्यांत गाजरगवत आघाडीवर आहे. हंगाम संपतो, पण त्याचे बिऱ्हाड धुऱ्यावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पऱ्हाटीवर उतरते. शेजारच्या आंध्रात अनंतपूर भागात 2000 साली भुईमुगावर खोड वाळण्याचा विषाणू रोग पसरला, त्याचेही घर हेच गवत होते. त्याच्या परागकणांबरोबर विषाणू गेला आणि फुलकिड्यांनी तो भुईमुगात पोचवला.

तिसरे, माणसात. हे तण उपटते कोण? बहुतेक ठिकाणी बाया, तेही उघड्या हातांनी. हाताला, मानेला, पापण्यांना खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते. एकदा अंगाला हे वावडे लागले की पुढे नुसता वारा लागला तरी त्रास होतो. परागकणांनी नाक वाहते, दमा उठतो. ढोरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. वैरणीअभावी लावलेच तर दूध कडू होते. दवाखान्याचा हा खर्च पिकाच्या उत्पादन खर्चात कोणी धरतो का? सरकारी हमीभावाचे गणित मांडणाऱ्यांना ही खाज माहीत नाही.

निंदणाच्या मजुरीचा आकडा आम्ही इथे छापत नाही. तो प्रत्येकाने आपल्या गावच्या दराने, आपल्या एकरांनी गुणून लिहावा. 2019 च्या जून महिन्यात अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी उघडपणे, सरकारला सांगून, मान्यता नसलेले तणनाशक सोसणाऱ्या कपाशीचे बियाणे लावले. त्या बियाण्याबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्यामागे कारण होते ते याच निंदणाच्या खर्चाचे. पण बियाणे कोणतेही लावा, धुऱ्यापलीकडच्या सरकारी गवताचे बी वाऱ्याने येतच राहणार.

जमेची बाजू

आता वटवाघळाचे खाते. झाडावर थव्याने राहणारे हे मोठे वटवाघूळ फळे आणि फुलांचा रस यांवर जगते. कपाशीच्या बोंडाला ते शिवत नाही, ज्वारीच्या कणसावर बसत नाही, तुरीची शेंग फोडत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वहीत त्याच्या नावावर पिकाचा खर्च शून्य आहे.

जमा काय? वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, मोह, कडुनिंब यांची फळे ते खाते. गर चावून रस गिळते, चोथा थुंकते. बारीक बी पोटातून जाते, मोठे बी दूरच्या झाडाखाली टाकते. एका रात्रीत ते कित्येक किलोमीटर फिरते. ज्या माळावर आपण खड्डा खणणार नाही, पाणी घालणार नाही, तिथे ते फुकटात पेरणी करून येते. मोहाची आणि काटेसावरीची फुले रात्री रसाने भरलेली असतात. त्या फुलांवर जाता-येता वटवाघूळ पराग इकडून तिकडे नेते.

कडुनिंबाचेच पाहा. वटवाघळाच्या थाऱ्याखाली निंबोळ्यांचे गर निघालेले बी सापडते. पाच टक्के निंबोळी अर्क करायला आपल्याला हेच बी लागते. बाजारात तयार कडुनिंबाचे औषध बाटलीने विकत घ्यायचे आणि कडुनिंब लावत फिरणाऱ्याला दगड मारायचे, हा कुठला व्यवहार?

आणखी एक गंमत पाहा. वटवाघळाचे मांस दम्यावर आणि चरबीचे तेल सांधेदुखीवर चालते, या समजुतीने त्याला मारतात. त्या औषधाला शास्त्राचा आधार नाही. दमा मात्र खरा आहे, आणि तो वाढवणारे गवत दाराशी फुलले आहे. दमा वाढवणारे उभे ठेवायचे आणि दम्याच्या नावाने निरपराध्याला मारायचे.

पडक्या वाड्यात, विहिरीच्या कपारीत राहणारी लहान वाघळे वेगळी. ती फळ खात नाहीत; किडे आणि पतंग खातात. वडावरच्या रागात त्यांनाही झोडपले जाते, म्हणून एक आकडा सांगतो. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या आठ तालुक्यांएवढ्या भागात, सुमारे दहा हजार एकर कपाशीवर, असली वाघळे बोंडअळीचे पतंग खाऊन वर्षाला किती पैसे वाचवतात याचा हिशेब 2006 साली प्रसिद्ध झाला. तो सुमारे सात लाख चाळीस हजार डॉलर निघाला. त्या भागातले कपाशीचे सगळे पीक वर्षाला 46 ते 64 लाख डॉलरचे. तिथली वाघळे आणि इथली वाघळे एक नव्हेत, तो आकडा आपल्या वहीत जसाच्या तसा उतरवता येणार नाही. पण पतंग खाणाऱ्याला कोणत्या बाजूला लिहायचे, एवढे तरी त्यातून कळते.

सरकारची वही

आपली वही हे सांगते. सरकारची वही काय सांगत होती? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. त्यात कावळे आणि उंदीर यांच्या पंक्तीला फळे खाणारी वटवाघळे बसवली होती. कोणीही, केव्हाही, कितीही मारावीत. पन्नास वर्षे ही नोंद राहिली. 2022 साली कायदा दुरुस्त झाला, 1 एप्रिल 2023 पासून तो लागू झाला, आणि हे मोठे वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांत गेले. 31 मार्चच्या संध्याकाळी उपद्रवी होते, 1 एप्रिलच्या पहाटे संरक्षित झाले. वड तोच, वटवाघूळ तेच. बदलला तो कागद. म्हणून आम्ही म्हणतो, कागद पाहून शत्रू ठरवू नका.

गाजरगवताचाही कागद झाला आहे. कर्नाटकाने 1975 सालीच आपल्या कायद्याखाली त्याला उपद्रवी तण जाहीर केले. गवताने तो कागद वाचला नाही. दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह होतो, फलक लागतात, फोटो निघतात. फलक लावायला जी जागा निवडतात, तिच्या मागेच ते फुललेले असते. रस्त्याच्या कडा, कालव्याचे भराव, रेल्वेची पट्टी, बाजार समितीचे आवार, गायरान, सरकारी इमारतींची मोकळी जागा : बियांचे कारखाने इथे चालतात. शेतकऱ्याने धुरा साफ केला नाही तर त्याला आळशी म्हणतात. सरकारने आपला धुरा साफ केला नाही तर त्याला काय म्हणायचे? कृषी महाविद्यालयात तण ओळखायला शिकवतात. ते कोणाच्या जमिनीतून येते हे शिकवत नाहीत.

बागायतदारांचे म्हणणे

इथे आमचे फळबागवाले बांधव म्हणतील, तुमचे खर्चाचे खाते शून्य, आमचे नाही. पेरू, चिकू, केळी, द्राक्षे यांवर एका रात्रीत थवा उतरला की नुकसान होते. हे म्हणणे खरे आहे आणि आम्ही ते खोडून काढणार नाही. पण त्यातून निघते काय? वटवाघूळ जगावे ही जर सगळ्या समाजाची इच्छा असेल, तर त्याचे जेवण एकट्या बागवाल्याच्या ताटातून का? जाळीला अनुदान द्या, नुकसानीचा पंचनामा वेळेत करून भरपाई द्या. शहरात बसून प्राण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी त्या प्रेमाचे बिलही भरावे. आमचा नियम दोन्हीकडे एकच आहे. ज्याच्या जमिनीतून तण येते त्याने ते काढण्याचा खर्च सोसावा. ज्याच्या हितासाठी प्राणी राखायचा त्याने राखणीचा खर्च सोसावा. दोन्ही खर्च शेतकऱ्याच्या माथी मारण्याचा शिरस्ता बंद झाला पाहिजे.

आजाराची भीती

निपाह तापाचे काय, असे विचारले जाते. भीती खोटी नाही. 1998-99 साली मलेशियात, 2001 साली सिलिगुडीत हा ताप आला, आणि 2018 साली केरळात 17 माणसे दगावली. त्याचा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांत राहतो. मलेशियात काय घडले ते समजून घ्या. डुकरांच्या गोठ्यांवर फळझाडे होती. वटवाघळांनी अर्धी खाल्लेली फळे गोठ्यात पडली, ती डुकरांनी खाल्ली आणि डुकरांकडून आजार माणसांत आला. यातून धडा निघतो तो काळजीचा. दात लागलेले, चोचवलेले फळ पोरांना खाऊ देऊ नका. मेलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. थाऱ्याखाली ढोरे बांधू नका, पिण्याचे पाणी उघडे ठेवू नका. वड तोडल्याने मात्र काही मिळत नाही. थवा मरत नाही. तो उठतो आणि शेजारच्या गावात, कदाचित थेट वस्तीतल्या झाडावर बसतो.

वटवाघळासोबत राहणारी गावे या देशात आहेत. बिहारात वैशाली जिल्ह्यात सरसई गावाचे लोक वटवाघळे शुभ मानून राखतात. तमिळनाडूत काही गावे थवा बिचकू नये म्हणून दिवाळीला फटाके वाजवत नाहीत. ही गावे काही श्रीमंत नव्हेत.

बैठकीपुढे मांडायचे

नुसते लिहून गवत मरत नाही. म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवतो. त्यावर भांडा, बदला, पण निर्णय घेऊन उठा.

एक. प्रत्येक तालुक्यात सरकारी आणि निमसरकारी जमिनीवरच्या गाजरगवताची यादी गावच्या कार्यकर्त्यांनी करावी : कोणता रस्ता, कोणता कालवा, कोणते खाते, किती लांबी. पहिल्या पावसाच्या उगवणीनंतर, फूल धरण्याआधी ते त्या खात्याने काढावे, आणि भादव्यात दुसऱ्यांदा काढावे. न काढल्यास ते उपटून त्याच कार्यालयाच्या दारात नेऊन टाकावे. फक्त फुलाआधी, म्हणजे बी तिथेही पडणार नाही.

दोन. काढणाऱ्या बायांना हातमोजे आणि तोंडाला बांधायला फडके मालकाने द्यावे, मग मालक सरकार असो की आपण.

तीन. आपला धुरा, आपला उकिरडा आपण सांभाळावा. फुलाआधीचे गवत खड्ड्यात कुजवले तर चांगले खत होते. बी धरलेले गवत शेणखतात टाकणे म्हणजे स्वतःच पेरणी करणे. गायरानात टाकळा पेरून गवत दाबता येते. मेक्सिकोतून आणून 1984 साली बंगळूरला सोडलेला भुंगेरा पावसाळ्यात गाजरगवताची पाने खातो. तो दिसला तर तिथे फवारा मारू नका.

चार. रस्तारुंदीसाठी जुने वड, पिंपळ, चिंच तोडण्याआधी ग्रामसभेला विचारावे, आणि थवा असलेल्या झाडाला फेब्रुवारी ते मे या काळात कोणीही हात लावू नये. त्या दिवसांत पिले पोटाशी असतात, आणि ठेकेदाराचे कामही नेमके त्याच दिवसांत चालते.

पाच. फळबागांना जाळीसाठी अनुदान आणि वटवाघळांच्या नुकसानीची भरपाई मिळावी, ही मागणी कोरडवाहू शेतकऱ्यांनी बागायतदारांच्या बरोबरीने करावी. पाणी असलेला आणि पाणी नसलेला अशी आपल्यात भिंत घालणारे पुष्कळ आहेत. वटवाघळाच्या निमित्ताने ती आणखी उंच होऊ देऊ नका.

पहिल्या ठरावाची यादी करायचे काम पावसाआधी व्हायला हवे. प्रत्येक गावाने दोन माणसांची आणि दोन बायांची नावे बैठकीतच द्यावीत.